नान्नजच्या माळावरचं ‘ते जनावर’ आणि अमेरिकेतला लांडगामाणूस, यात खरं किती?

बार्शीरोडवाला

नमस्कार मंडळी. दोन गोष्टी एकाच आठवड्यात समोर आल्यात आणि दोन्ही एकमेकींसारख्याच वाटायल्यात म्हणून एकाच धाग्यात विचारतो, मोठं झालं तर समजून घ्या.

माझा भाचा अमेरिकेत नॅशव्हिलला असतो. दसरा झाल्यावर मित्रांबरोबर तंबू घेऊन ‘लँड बिटवीन द लेक्स’ नावाच्या जंगलात राहायला जायचंय त्याला, केंटकी आणि टेनेसी या दोन राज्यांत मिळून आहे ते. ताईनं सहज ते नाव युट्यूबवर टाकलं तर पहिलंच काय आलं, ‘बीस्ट ऑफ एलबीएल’. सात फूट उंच, दोन पायावर चालणारं, तोंड लांडग्याचं, आणि ऐंशीच्या दशकात म्हणे तिथं गाडीत मुक्कामाला आलेल्या एका अख्ख्या कुटुंबाला त्यानं फाडून टाकलं. ताईची झोप उडालीय, रोज मला फोन, तू त्याला सांग जाऊ नको म्हणून.

आता दुसरं. माझं आजोळ सोलापूरजवळच्या नान्नजच्या पुढं, माळाला लागून. तिकडं गेल्या महिन्यापासून व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज फिरायलेत की माळावर कसलं तरी जनावर आलंय, पुढून उंच आणि मागून बसकं, मानेवर केस, बाई रडल्यासारखं ओरडतं, गाडीचा लाईट पडला की दोन पायावर उभं राहतं, आणि एका वस्तीवर रात्रीत वाघरीतनं, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीतनं, कोकरू उचलून नेलं. सोबत एक फोटो पण आहे, तो मला तरी इकडचा वाटत नाही, मागं पाईनसारखी झाडं दिसायलीत. मामा म्हणतो पोरं रात्री पाणी द्यायला शेतात जाईनात, आणि आठ-दहा जण कुऱ्हाडी-काठ्या घेऊन माळावर जायचं ठरवायलेत. मला त्या जनावरापेक्षा ह्या शेवटच्या गोष्टीची जास्त काळजी वाटायलीय.

तर अमेरिकेतल्या गोष्टीत किती तथ्य आहे, आपल्या माळावर नेमकं काय असू शकतं आणि मामाला काय सांगू, जाणकारांनी सांगावं. उगाच भीती घालू नका आणि खेड्यातल्या माणसांना हसू पण नका, एवढी विनंती.

---

टेनेसीतला_सोलापूरकर

दादा मी त्याच भागात राहतो, क्लार्क्सव्हिलला, आणि तिथं बायकापोरांना घेऊन मुक्काम केलाय, त्यामुळं आधी ताईंना सांगा की निर्धास्त राहा.

ती जागा काय आहे ते कळलं की गोष्ट कुठनं आली तेही कळतं. टेनेसी आणि कंबरलँड ह्या दोन नद्या तिथं शेजारून वाहतात. टेनेसीवर १९४४ ला केंटकी धरण पूर्ण झालं, कंबरलँडवर १९६६ ला बार्कली धरण. दोन्ही बाजूला पाणी तुंबलं आणि मधे जमिनीचा लांबच लांब पट्टा उरला. केनेडी अध्यक्ष असताना १९६३ मध्ये ठरलं की हा पट्टा लोकांना फिरायला, शिकारीला, तंबू ठोकायला राखून ठेवायचा. सुमारे १ लाख ७० हजार एकर. पण दादा तो काय रिकामा पट्टा नव्हता हो. पिढ्यानपिढ्या राहणारी माणसं होती, गोल्डन पाँड नावाचं गाव होतं, शाळा, चर्च, दुकानं. सगळ्यांना उठवलं. काहींना आधी धरणासाठी एकदा उठवलं होतं आणि मग ह्यासाठी परत. घरं पाडली आणि त्या जागी झाडी वाढू दिली. आज तिथं गेलं की दाट जंगलात एकदम दगडी पायऱ्या लागतात, पुढं घरच नाही. दोनशेच्या वर स्मशानभूम्या आहेत आणि उठवलेल्या लोकांची नातवंडं अजून येऊन तिथलं गवत काढतात, फुलं ठेवतात. मी एक म्हातारं जोडपं बघितलं, डिकीत गवत कापायचं मशीन घालून आलेलं, फक्त आजोबांच्या कबरीसाठी.

उजनीच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्यांच्याशी बोला, करमाळ्याकडं भरपूर घरं सापडतील. माणसाला उठवलं की तो जागेबद्दल बोलायचं थांबत नाही. मला प्रामाणिकपणे वाटतं की जिथनं माणसं जबरदस्तीनं हलवली तिथं असल्या गोष्टी जास्त चिकटतात.

आता ते कुटुंब मारल्याची गोष्ट. ती इंटरनेटवर सांगोवांगी फिरते, प्रत्येक व्हिडिओत तपशील वेगळा. कुठं तीन माणसं कुठं चार, कुठं पोरगी झाडावर सापडली, कुठं गाडीखाली. अशा घटनेची ना पोलिसात नोंद ना त्या काळच्या पेपरात बातमी. अमेरिकेत अख्खं कुटुंब मारलं गेलं आणि गावच्या पेपरनं छापलं नाही असं होत नाही.

आणि लांडगामाणसाची कथा कशी वाढते त्याचा पक्का दाखला इथलाच आहे. मिशिगन राज्यात एका रेडिओवाल्यानं १९८७ च्या १ एप्रिलला गंमत म्हणून ‘डॉगमॅन’वर स्वतः रचलेलं गाणं लावलं. सगळं त्याच्या मनचं. तर लोकांचे फोन सुरू झाले, आम्ही बघितलाय, आमच्या आजोबांनी बघितला होता म्हणून. ते लोक खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. अंधारात कधीतरी काहीतरी बघितलेलं असतं, त्याला नाव नसतं, गाण्यानं नाव दिलं.

भाच्याला सांगायच्या खऱ्या गोष्टी ह्या. तिथं गोचीड भयंकर असते, पायमोजे पँटवरनं चढवा आणि संध्याकाळी अंग तपासा, गोचिडीनं होणारे ताप वाईट असतात. ऑक्टोबरात हरणाची शिकार चालू असते, परवानगी असते तिकडं, म्हणून भडक नारंगी जॅकेट घालून चाला. बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नाही. एल्क (तिकडचं मोठं हरीण) आणि बायसन (तिकडचा रानरेडा) यांच्यासाठी ७०० एकराचं कुंपण घातलेलं कुरण आहे तिथं गाडीतनं उतरायचं नाही. आणि हो, सप्टेंबर-ऑक्टोबर हा एल्कच्या माजाचा काळ, नर शिट्टी आणि किंकाळी एकत्र केल्यासारखा ओरडतो, माहीत नसेल तर काळजाचं पाणी होतं. वर कायोटी (तिकडचं कोल्ह्यासारखं जनावर), वर घुबडं. एल्क तिकडनं दीडेकशे वर्षं नाहीसेच झाले होते, १९९६ ला परत आणून सोडलेत. म्हणजे मधल्या कैक पिढ्यांनी तो आवाज ऐकलेलाच नाही.

---

हुरडा_२०

सगळं विज्ञानात बसवायची घाई करू नका एवढंच म्हणतो. आमची आज्जी मार्डीकडची, ती सांगायची की पावसाळ्यात पहाटे माळ हुंकारतो. वारा नाही, ढग नाही, आणि लांबनं हूंऽऽम हूंऽऽम असा आवाज, छातीत घुमणारा. त्यांच्या लहानपणी पोरींना त्या वेळी माळाकडं जाऊ द्यायचे नाहीत. यमाईचा वाघ हुंकारतो म्हणायचे. आज्जी खोटं बोलणाऱ्यातली बाई नव्हती.

---

करवानक

हुरडा_२०, आज्जींनी ऐकलेलं खरंच आहे, आणि ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण तो आवाज आता आपल्याला ऐकायला मिळत नाही.

तो माळढोक असणार. नर माळढोक पावसाळ्यात विणीच्या काळात उंचवट्यावर उभा राहतो, गळ्याची पिशवी हवा भरून पार पायापर्यंत लोंबवतो, शेपूट वर पंख्यासारखी करतो आणि खोल हुंकार देतो. तो आवाज अर्धा किलोमीटरपर्यंत जातो. पक्षी मीटरभर उंचीचा, नर १०-१५ किलोपर्यंतचा. पहाटेच्या धुक्यात गवतातनं तो पांढरा फुगा हलताना दिसला असेल तर बघणाऱ्याला काय वाटलं असेल विचार करा. १९७२ च्या सुमाराला बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडं लक्ष वेधलं, १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज सगळ्या देशात मिळून दीडशेच्या आत राहिलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडं. नान्नजच्या माळानं ज्याच्या हुंकाराला वाघ मानलं तो पक्षी नान्नजला दिसणं आता बातमी होते. मला ह्या धाग्यातल्या कुठल्याही भुतापेक्षा ही गोष्ट जास्त जड वाटते.

बार्शीरोडवाला, आता तुमच्या जनावराकडं येतो. मी माळावर बऱ्यापैकी फिरतो, पाखरं आणि जनावरं बघायला, आणि तुम्ही दिलेलं वर्णन वाचून मला एक नाही, निदान तीन जनावरं दिसायलीत.

पुढून उंच, मागून बसकं, मानेवर केस हे तरस आहे. डोळे झाकून सांगतो. तरसाचे पुढचे पाय लांब, मागचे आखूड, पाठ उतरती, त्यामुळं ते चालतं तेच लंगडल्यासारखं. घाबरलं की मानेपासून पाठीवरची आयाळ सरळ उभी करतं आणि आहे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठं दिसतं. लाईटच्या झोतात डोळे चमकतात, आयाळ उभी, वरचा भाग उंच, खालचा भाग गवतात गडप. अशात ‘दोन पायावर उभं राहिलं’ असं वाटणं मला अजिबात चमत्कारिक वाटत नाही. पण तरस लई भित्रं आहे हो, आणि पट्टेदार तरस तसं मुकाट जनावर. टीव्हीवर हसणारं दाखवतात ते आफ्रिकेतलं वेगळं. आपलं तरस मेलेली जनावरं खातं, हाडं फोडून खातं. त्याची लेंडी वाळली की चुन्यासारखी पांढरीफेक पडते, त्या हाडांमुळं. माळावर तसली पांढरी लेंडी आणि चिखलात पुढचा पंजा मोठा, मागचा लहान असा ठसा दिसला तर समजायचं.

बाई रडल्यासारखा आवाज तरसाचा नाही. तो बहुतेक कोल्ह्याचा. आपल्याकडं भालू ओरडली की कुणाचं तरी वाईट होणार म्हणतात ना, ती भालू म्हणजे कोल्हंच, भ्यालं किंवा बिथरलं की एकटंच वेगळ्या सुरात ओरडतं. नाहीतर करवानक, ज्याचं नाव मी इथं घेतलंय. कोंबडीएवढा पक्षी, मोठे पिवळे डोळे, दिवसा खडकाळ रानात मुरून बसतो आणि चांदण्या रात्री असा गळा काढतो की नवख्या माणसानं पळावं.

आणि कोकरू नेलं ते लांडग्यानं. वाघरीतनं आवाज न करता एकच कोकरू उचलून जाणं हे लांडग्याचंच काम, तरस असं क्वचितच करतं. कुत्र्यांची टोळी असती तर चार-पाच मेंढरं फाडून तिथंच टाकली असती.

म्हणजे कुणी तरस बघितलं, कुणी कोल्हं ऐकलं, कुणाचं कोकरू लांडग्यानं नेलं, आणि व्हॉट्सॲपवर तिन्हीचं मिळून एक जनावर तयार झालं. एक शक्यता अजून, खरूज झालेलं कोल्हं किंवा लांडगा. अंगावरचे केस गेले की कातडी काळी-करडी सुरकुतलेली, कान मोठे, शेपूट उंदरासारखी, ओळखूच येत नाही. अमेरिकेत टेक्सासला २००७ मध्ये ‘चुपाकाब्रा’ (जनावरांचं रक्त पितं म्हणतात ते दंतकथेतलं जनावर) सापडला म्हणून गाजलं होतं, डीएनए केला तर केस झडलेला कायोटी निघाला. आणि पुण्याच्या बाजूला लांडगा-कुत्र्याचा संकर झालेली पिवळट जनावरंही सापडलीत, जनुकीय तपासणीत ते सिद्ध झालंय. त्यामुळं विचित्र रंगाचं लांडग्यासारखं जनावर दिसलं असं कुणी म्हणलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

---

मेंढरामागं

करवानक भाऊंनी बरोबर सांगितलंय. आमी धनगर, पिढीजात मेंढरं, दिवाळीनंतर खांडवा म्हणजे मेंढरांचा कळप घेऊन ह्याच पट्ट्यात असतो. कोकरू गेलं म्हणजे लांडगा, यात काय कोडं नाही. आमचा म्हातारा म्हणायचा लांडग्याचा पण वाटा आहे, त्याला बिरोबानं दिलाय. पण वाटा म्हणजे एखादं, सगळं नाही, म्हणून तर कुत्री पाळतो आणि रात्र जागतो.

लांडगा कसा येतो सांगतो म्हणजे लोकांची भीती जाईल. तो वाऱ्याच्या उलट्या अंगानं येतो, कुत्र्याला वास लागू देत नाही. एक जण लांब उभा राहून कुत्र्यांना दाखवतो स्वतःला, कुत्री त्याच्या मागं पळाली की दुसरा दुसऱ्या बाजूनं वाघरीत. वाघर सैल असली, खालनं उचलली जाती असली की झालं काम. म्हणून मामांना सांगा त्या वस्तीवाल्यांना म्हणावं वाघरीच्या खुंट्या जवळ जवळ ठोका, खालची कड दगडांनी दाबा, कोकरं मधे घ्या मेंढ्या बाहेरनं, आणि एक दिवा हलता ठेवा. स्थिर दिव्याला तो चार दिसात सरावतो, हलत्याला बिचकतो. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्याचा पट्टा घाला.

माणसाच्या अंगावर आलेला लांडगा मी अजून बघितलेला नाही, आमच्यात कुणी बघितला नाही. माणूस दिसला की थांबून बघतो आणि मान वळवून चालू लागतो. पण पोरं सायकलवर, मोटारसायकलवर त्याच्या मागं लागतात व्हिडिओ काढायला, ते बंद करा राव. दमवून दमवून मारतात त्याला.

---

मंगळवेढ्याची_ज्वारी

धागा चांगला चाललाय, मधे बोलू का नको असं झालं होतं, पण काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जायचं ठरवायलेत हे वाक्य वाचल्यापासून गप्प बसवेना.

आमच्या तालुक्यातलं खवे गाव. तिथली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत गावोगाव फिरायची, पिढ्यांचा रिवाज. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावानं मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. का तर मोबाईलवर फिरत होतं, मुलं पळवणारी टोळी आलीय. कुठली टोळी नव्हती. मंगळवेढा तालुक्यात ती प्रेतं आली तो दिवस ज्यांनी बघितलाय त्यांना विचारा अफवा म्हणजे काय असते.

तुम्ही म्हणाल जनावराच्या अफवेचा आणि ह्याचा काय संबंध. आहे संबंध. १९९६ मध्ये उत्तर प्रदेशात लांडग्यांनी खरंच मुलं नेली होती, जौनपूर-प्रतापगड-सुलतानपूरच्या भागात. पण गावांत पसरलं काय, की हा लांडगा नाहीच, लांडग्याचं कातडं पांघरलेला माणूस आहे. आणि मग रात्री अनोळखी दिसलेल्या माणसांना मारायला सुरुवात झाली. २००१ ला दिल्लीत ‘मंकी मॅन’ची हवा झाली, गच्चीवर झोपलेली माणसं ‘आला आला’ ऐकून उड्या मारून मेली. माकडमाणूस सापडला नाही, मेलेली माणसं मात्र खरी होती.

आता आपल्याकडं कोजागरीला सोलापुरातनं तुळजापूरला रात्री चालत जाणारी हजारो माणसं असतात. नवरात्रात गोंधळी, जोगती, पोतराज, बहुरूपी रानावनानं फिरतात. ऊसतोडीच्या टोळ्या यायला लागतील, त्यांची पोरं अंधारात उघड्यावर. ‘दोन पायावर चालणारं जनावर’ शोधायला निघालेल्या आठ-दहा जणांच्या हातात कुऱ्हाडी असतील आणि समोर घोंगडं पांघरलेला एखादा परका माणूस आला तर? हात जोडून सांगते, मामांना म्हणावं आधी तो काठ्यांचा बेत मोडा. सरपंच, पोलीस पाटलांना कानावर घाला, पोलीस पाटलाचं कामच आहे ते. आणि ग्रुपमधे तो व्हॉइस मेसेज ज्यानं टाकला त्याला एकट्याला फोन करून विचारा, तू स्वतः बघितलंस का. बहुतेक वेळा उत्तर येतं की मला पण पुढनं आला.

---

बार्शीची_लेक

सगळ्यांचं पटलं तरी एक बाजू राहिलीय ती मांडते. दरवेळी ‘अफवा आहे’ म्हणून शेतकऱ्याचं तोंड बंद करू नका.

आमच्याकडं बार्शी आणि येडशीच्या मधल्या पट्ट्यात लोक वाघ वाघ म्हणायला लागले तेव्हा शहरातली शिकली-सवरलेली माणसं म्हणत होती बिबट्या असेल, तरस असेल, मराठवाड्याच्या कडेला कुठला आलाय पट्ट्याचा वाघ. डिसेंबर २०२४ मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात आला की वाघ. यवतमाळच्या टिपेश्वरमधनं साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालत आलेला. मग सगळे गप्प. शेतात राबणाऱ्या बायकांनी आधी सांगितलं होतं, त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

आणि करमाळा विसरू नका. २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं तिथं माणसं मारली, शेवटी गोळी घालावी लागली. त्या दिवसांत ऊसाच्या फडात जाणाऱ्या माणसाला ‘घाबरू नका’ म्हणणं सोपं होतं का? ऊस वाढला, पाणी आलं, बिबट्याला लपायला बारमाही जागा झाली. आणि उलट बाजूला माळ गेला. माळाला सरकारी कागदावर पडीक म्हणायचं, कुणी नांगरला, कुणी प्लॉट पाडले, कुणी झाडं लावून ‘हिरवा’ केला. लांडग्याला, काळविटाला, माळढोकाला उघडा माळ लागतो, त्याचं कुणाला काही नाही.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, दिसलं म्हणणाऱ्याचं नीट ऐका, पण त्याला तपशील विचारा. किती वाजता, किती अंतरावर, शेपटी कशी होती, ठसा बघितला का. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढायला सांगा म्हणजे आकार कळतो. नखं उमटली असतील तर लांडगा-तरस-कुत्रं, नखं नसतील आणि ठसा गोल असेल तर बिबट्या, आणि मग खरंच सावध व्हायचं, पोरांना संध्याकाळी एकटं सोडायचं नाही, शेतात वाकून काम करताना जोडीनं राहायचं. आमच्या घरी हेच करतात.

---

बार्शीरोडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला टेनेसीच्या भाऊंचा पूर्ण मेसेज वाचून दाखवला. ती आता जनावराचं सोडून गोचिडीच्या मागं लागलीय, भाच्याला फोन करून लांब मोज्यांचं सांगून झालं, त्याला जाऊ देणार आहे.

मंगळवेढ्याच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी तसंच मामाला फोनवर वाचलं. मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला पोलीस पाटलाकडं जातो. गेला पण. पाटलांनी पोरांना बोलावून काठ्यांचा बेत रद्द करायला लावलाय आणि ग्रुपमधे तो फोटो टाकणाऱ्याला विचारलं तर त्यालाच माहीत नाही कुठला आहे. दोन-तीन जण अजून कुरकुर करायलेत की उद्या पोरगं नेलं तर कोण जबाबदार, त्यांची भीती मला समजते.

आज सकाळी मामानं ओढ्याच्या कडेच्या ठशाचा फोटो पाठवला, शेजारी काडेपेटी ठेवून. नखं स्पष्ट आहेत. पुढचा मागच्यापेक्षा चांगलाच मोठा दिसतोय, आणि थोडं वर पांढरी लेंडी पण आहे म्हणला. म्हणजे तरस ना करवानक भाऊ?

अजून एक विचारायचं राहिलं. ओढ्याच्या दरडीत एक बीळ आहे, त्यात पोरं धूर करणार होती, सध्या थांबवलंय. आणि ज्याचं कोकरू गेलं तो माणूस म्हणतो माझं नुकसान कोण भरून देणार, त्याचंही बरोबर आहे, दहा-बारा मेंढरांवर घर चालतं त्याचं.

---

करवानक

हो, तुम्ही सांगताय त्यावरनं तरसच. मामांना शाब्बास म्हणा, काडेपेटी ठेवायचं सगळ्यांना सुचत नाही.

बिळाला हात लावू देऊ नका. तरसाचं असो, लांडग्याचं, कोल्ह्याचं का साळिंदराचं, धूर करणं, दगड-काटे घालून बुजवणं हा गुन्हा आहे, लांडगा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीत आहे. आणि व्यवहाराचं बोलायचं तर बिळातनं हुसकलेलं जनावर गावापासून लांबच जाईल याची काय खात्री, ते वस्तीच्या आणखी जवळ येऊ शकतं. लांडग्याची पिल्लं थंडीत होतात, तेव्हा तर त्या अंगाला कुत्री पण सोडू नका.

वनविभागाचा १९२६ नंबर आहे, हॅलो फॉरेस्ट, तिथं फोन करून गाव, गट नंबर आणि काय दिसलं ते सांगा. माळावर कॅमेरा लावा अशी मागणी ग्रामपंचायतीच्या पत्रावर केली तर जास्त बरं, एकट्याच्या तोंडी तक्रारीपेक्षा त्याला वजन असतं.

---

मेंढरामागं

भरपाई मिळती. लांडग्यानं मारलेल्या मेंढराला पण मिळती, फक्त बिबट्या-वाघालाच असतं असं लोकांना वाटतं ते चूक. पण पंचनामा लागतो आणि तिथंच आमची माणसं मार खातात, कारण कोकरू गेलं की दुसऱ्या दिवशी मुक्काम हलवतो, पुरावा राहत नाही.

त्या वस्तीवाल्याला म्हणावं ह्या वेळचं जमलं तर बघा, रक्त, लोकर, ओढत नेलेली खूण, जे काय असेल त्याचे फोटो पोरांच्या मोबाईलवर असतीलच. पुढच्या वेळी मेलेलं जनावर जागेवरनं हलवायचं नाही, पुरायचं नाही, कुत्र्यांना खाऊ द्यायचं नाही, वर टोपलं-काटे झाका आणि त्याच दिवशी वनरक्षकाला फोन. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, आधार कार्ड, बँकेचं पासबुक तयार ठेवा.

आणि तोपर्यंत वाघर आवळायला माणूस पाहिजे असला तर सांगा, आमचा चुलता सध्या वडाळ्याच्या बाजूला खांडव्यावर आहे, त्याला तिकडं पाठवतो.